उघडण्याचा अधिकार, जोडण्याचे ऋण

ज्या वस्तूचे झाकण आपल्याला उघडता येत नाही, ती वस्तू खरोखर आपली असते काय? प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. दुकानदाराला पैसे मोजले, पावती घेतली, वस्तू घरी आणली. व्यवहार पुरा झाला. परंतु कायद्याची मालकी आणि मनाची मालकी ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आमच्यासारख्यांना वेगळे सांगावयास नको. भाड्याच्या घरात आपण वर्षानुवर्षे राहतो, सणवार साजरे करतो, मुलांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने नोंदवितो. पण भिंतीत एक खिळा ठोकावयाचा झाला तर घरमालकाची अनुमती लागते. जेथे खिळा ठोकता येत नाही ते घर आपले नव्हे. त्याच न्यायाने, जिचा स्क्रू फिरविता येत नाही ती वस्तू विकत घेऊनही आपण तिचे भाडेकरूच राहतो, असे म्हणावे लागेल काय?

हा प्रश्न आम्हांस सुचला तो आमच्या एका जुन्या छंदामुळे. बिघडलेली विजेची उपकरणे घरी उघडून पाहावी, त्यांतील भाग ओळखावे, जमल्यास दुरुस्त करावी, न जमल्यास त्या भागांतून दुसरे काही जोडावे, असा हा छंद. कचेरीला सुटी असली की मेजावर जुने वर्तमानपत्र पसरते. त्यावर मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, बारीक चिमटा आणि काढलेले स्क्रू ठेवण्यासाठी चहाची बशी येते. आणि मग एखादा मुका झालेला ट्रान्झिस्टर, न तापणारी इस्त्री किंवा मोबाइलचा निकामी चार्जर उघडला जातो. छंद आमच्या एकट्याचा नव्हे. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, आणि आमच्या नव्या मुलखातील बंगळूरचा एस. पी. रोड ह्या तिन्ही ठिकाणी एखादा किरकोळ रेझिस्टर मागण्यासाठी ताटकळत उभे असलेले गृहस्थ भेटतात. भाषा निराळ्या, पण खिशातील कागदाचा चिटोरा आणि त्यावरील आकडे तेच.

घरातील मंडळी मात्र ह्या छंदाकडे सर्वत्र एकाच दृष्टीने पाहतात. "एवढ्या वेळात नवीन घेऊन आला असता" हे वाक्य पुण्यात जितके ऐकू येते तितकेच देवनहळ्ळीतही. हिशेबाच्या दृष्टीने मंडळींचे म्हणणे बरोबर आहे, हे आम्ही आधीच मान्य करतो. चार्जर दुरुस्त करण्यात गेलेल्या रविवारची किंमत केली तर त्यात तीन चार्जर येतील. तेव्हा ह्या छंदाचे समर्थन काटकसरीच्या आधाराने करणे हा स्वतःला फसविण्याचा प्रकार होय. त्याचे मोल असलेच तर ते अन्यत्र शोधले पाहिजे.

जुना ट्रान्झिस्टर रेडिओ उघडून पाहा. काळ्या फेराइटच्या कांडीवर तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. आकाशातून आलेल्या लहरींचे पहिले स्वागत तेथे होते. शेजारी स्थानक लावण्याचा गँग कपॅसिटर. जुन्या संचांत बटण फिरवताच त्याच्या पत्र्या एकमेकींत शिरताना डोळ्यांना दिसतात. पुढे पत्र्याच्या लहान चौकोनी डब्या असतात, त्यांच्या माथ्यावर पिवळा, पांढरा, काळा असे रंग दिलेले. स्थानक मुंबईचे असो वा धारवाडचे, त्याची लहर ४५५ किलोहर्ट्झ ह्या एकाच मधल्या वारंवारतेवर आणून ह्या डब्या तिला निवडून पुढे धाडतात. मग एक इवलासा डायोड लहरीवरून आवाज सोलून घेतो, ट्रान्झिस्टर त्याला मोठा करतात आणि कागदी शंकू हवेला हलवून तो आपल्या कानी घालतो. ह्या साऱ्या प्रवासात एकही जागा अशी नाही की जेथे बोट ठेवून "येथे काय घडते?" असे विचारता येत नाही, आणि विचारल्यावर उत्तर मिळत नाही.

आमच्या मते ह्या छंदाचे खरे मोल येथे आहे. बिघाडाला कारण असते, ते कारण सापडू शकते, आणि सापडले तर बहुधा दूर करता येते, ही श्रद्धा तो माणसाच्या अंगी बाणवितो. श्रद्धा हा शब्द आम्ही मुद्दाम योजला आहे. कारण आपले बहुतेक आयुष्य अशा जगात जाते, जेथे परिणाम हाती पडतात आणि कारणे दडून राहतात. बदलीचा हुकूम येतो. तो कोणत्या खोलीत, कोणत्या विचाराने निघाला हे कळत नाही. वेतनश्रेणी ठरते, भाव वाढतात, गाड्या उशिरा येतात. आणि आपण "असायचेच" म्हणून कपाळाला हात लावतो. ज्याने एकदा तरी मुका रेडिओ उघडून, सुटलेला सांधा शोधून, त्यास पुन्हा बोलते केले आहे, त्याला "असायचेच" हा शब्द उच्चारताना जीभ किंचित अडखळते. हे अडखळणे ही नागरिकाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

राज्यकर्त्यांना ह्या ज्ञानाचे सामर्थ्य फार पूर्वी उमगले होते. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे हा ह्या देशात गुन्हा ठरला. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द करण्यात आले. आणि तरीही १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी ह्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ उभा केला. एका जागेहून दुसऱ्या जागी हलवीत तो १२ नोव्हेंबरला पोलिसांच्या हाती पडेपर्यंत चालविला. व्हॉल्व्ह कोणता, वेटोळे किती फेऱ्यांचे, ही तांत्रिक माहिती त्या तीन महिन्यांत राजकीय माहिती होऊन बसली होती. सत्तेला घरात वाजणाऱ्या रेडिओचे कधी भय नसते. तो घरात तयार करता येतो, ह्याचे असते.

येथे एक शंका उपस्थित होईल, आणि ती रास्त आहे. तुमचा हा ट्रान्झिस्टर गेल्या पिढीचा. आजचे उपकरण उघडून काय दिसणार? डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर तयार झाला तेव्हा तो एक, हातात धरून पाहता येण्याजोगा होता. आज खिशातील फोनच्या नखाएवढ्या चकतीत असे कित्येक अब्ज ट्रान्झिस्टर मावतात. झाकण काढले तरी दिसतो तो काळा चौकोन; त्याच्या आत डोळ्याचा रिघाव नाही. ज्या देवनहळ्ळीत बसून आम्ही हे लिहीत आहो, त्याच तालुक्यात फॉक्सकॉन कंपनीच्या कारखान्यात २०२५ पासून आयफोन जोडले जाऊ लागले आहेत. तेथील जोडणीच्या रांगेत प्रत्येकाच्या वाट्यास त्या वस्तूचा एक लहानसा भाग येतो. चकतीची आखणी दुसऱ्या देशात, तिचे घडणे तिसऱ्या देशात. वापरणाऱ्यास ती कळत नाही हे तर खरेच. पण संपूर्ण वस्तू ज्याला कळते असा एकही मनुष्य आज पृथ्वीच्या पाठीवर नसावा. मग घरच्या मेजावर स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसणाऱ्या कारकुनाने काय साधावे?

ह्यावर आमचे उत्तर असे, की बंदपणाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत विवेक केला पाहिजे. एक बंदपणा वस्तूच्या स्वभावातून येतो. अब्जावधी ट्रान्झिस्टर डोळ्यांना दिसत नाहीत, ह्यात कोणाचा दोष नाही. पाणी आत शिरू नये म्हणून फोन चिकटद्रव्याने बंद केला, तर त्यातही युक्ती आहे. देवनहळ्ळीच्या प्रसिद्ध चकोत्र्याची, म्हणजे आपल्या पपनसाची, साल जाड असते ती आतील रस सुकू नये म्हणून. तिच्यावर कोणी रागावत नाही. दुसरा बंदपणा मात्र हेतुपुरस्सर असतो. साध्या स्क्रूने काम भागत असता, २००९ नंतर एका नामांकित अमेरिकन कंपनीच्या यंत्रांत पाच पाकळ्यांचा स्क्रू आला, ज्याचा ड्रायव्हर तेव्हा बाजारात मिळत नव्हता. पुढे त्याहून सूक्ष्म युक्ती निघाली: प्रत्येक सुट्या भागाला क्रमांक देऊन तो मूळ यंत्राशी जखडून टाकावयाचा. मग तशाच दुसऱ्या फोनमधील भाग काढून बसविला, तर भाग अस्सल, काम चोख, तरीही यंत्र त्याला परका मानते आणि तक्रारीची सूचना पडद्यावर झळकविते. परमुलखात नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींना त्या बिचाऱ्या भागाविषयी सहानुभूती वाटल्यास नवल नाही.

ह्या दुसऱ्या बंदपणाविरुद्ध आता जगभर आवाज उठू लागला आहे. आपल्या केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल फोन, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे तिच्या विचारात आली. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी एक संकेतस्थळही सुरू झाले. युरोपीय संघाने २०२४ साली ह्या विषयावर निर्देश काढला. कायद्याने काय साधेल ते साधो. पण नीतीच्या दृष्टीने आम्हांस एवढे स्पष्ट दिसते, की जो विक्रेता किंमत पुरी घेतो आणि किल्ली स्वतःजवळ ठेवतो, तो विक्री करीत नाही. तो भाडे एकरकमी घेतो.

तेव्हा उघडण्याचा अधिकार आम्ही मानतो. तथापि अधिकार मान्य झाला म्हणजे प्रश्न संपला असे नव्हे. खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. उघडल्यावर काय?

पाली वाङ्मयातील 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात नागसेन भिक्षू आणि ग्रीक वंशाचा राजा मिलिंद ह्यांचा संवाद आहे. राजा रथातून आला होता. नागसेनाने त्याला विचारले, की रथ म्हणजे काय? दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ? चाके? जू? राजा प्रत्येकास नाही म्हणत गेला. मग ही सारी अंगे मिळून रथ काय? राजा तेव्हाही नाहीच म्हणाला. रथ ही त्या अंगांच्या आश्रयाने चालणारी एक संज्ञा आहे, हे राजाच्याच तोंडून वदवून घेऊन, मनुष्याचेही तसेच आहे, हे नागसेनास सांगावयाचे होते. मोक्षमार्गाच्या दृष्टीने त्याचा जो अर्थ असेल तो असो. पण आमच्यासारख्या मेजावरच्या कारागिरास त्यातील "सारी अंगे मिळूनही नाही" हा भाग फार जवळचा वाटतो. रेडिओचे सर्व भाग सुटे करून बिस्किटांच्या डब्यात घाला. एकही भाग हरवलेला नाही, एकही बिघडलेला नाही. पण डब्यातून गाणे येत नाही. जे गेले ते वजनात भरत नाही. भागाभागांतील संबंध गेला, क्रम गेला. कचेरीतील कोणत्याही अनुभवी माणसाला हे पटेल. फाइलीतील सर्व कागद टेबलावर विस्कटून पडले, तर कागद तेवढेच राहतात, पण फाइल राहत नाही. म्हणूनच पानांवर क्रमांक घालण्याची आणि टॅगने ती बांधून ठेवण्याची शिस्त आपल्याला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकविली जाते.

ह्यातून पहिले कर्तव्य निष्पन्न होते. जो उघडतो, त्याने क्रमाची जबाबदारी पत्करली आहे. कोणता स्क्रू कोठला, कोणती तार कोठून कोठे, हे टिपून ठेवणे ही केवळ सोय नव्हे. ज्या अज्ञात माणसाने ती वस्तू विचारपूर्वक रचली, त्याच्याविषयीचा तो आदर आहे. ह्या गोष्टीची साक्ष देणारी एक वस्तू आज लंडनमध्ये आहे, आणि तिच्या मालकाचे जन्मस्थान आमच्या देवनहळ्ळीच्या किल्ल्याजवळच. टिपू सुलतानाचा तो लाकडी वाघ गोऱ्या माणसाच्या छातीवर उभा आहे; दांडा फिरविला की आतील भात्यांतून वारा जातो, माणसाचा हात वर-खाली होतो, तो विव्हळतो, वाघ गुरगुरतो; आणि वाघाच्या कुशीत अठरा स्वरांची लहानशी बाजाची पेटीही आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो नेला आणि १८०८ पासून कंपनीच्या लंडनमधील कार्यालयात मांडला. बघे दांडा इतका फिरवीत, की शेजारच्या ग्रंथालयातील वाचक त्रासून गेले. पुढे तो दांडाच नाहीसा झाला. दुसऱ्या महायुद्धात छत कोसळून वाघाचे तुकडे झाले, आणि युद्धानंतर ते जुळवून तो पुन्हा उभा करण्यात आला.

आता हा वाघ तोच आहे काय? वेळोवेळीच्या दुरुस्त्यांत त्याच्या मूळ यंत्रणेत फेरफार झाले, असे जाणकार सांगतात. म्हणजे नाशापासून त्याला वाचविणाऱ्यांनीच त्याच्यातील काही कायमचे पुसून टाकले. दुरुस्ती हीदेखील एक प्रकारची सत्ता आहे, हे त्यावरून ध्यानात येते. दुरुस्त करणारा जर नम्र नसेल, मूळ रचनाकाराचे म्हणणे समजून घेण्याआधीच आपली अक्कल चालवील, तर तो चोरापेक्षा निराळा कसा? चोर वस्तू नेतो. हा तिचा अर्थ नेतो.

दुसरे कर्तव्य भोवतालच्या माणसांविषयीचे. आपल्या घरातील २३० व्होल्टचा प्रवाह एकदिश केला की कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तेथे दबा धरून बसतात. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तर दोन हजार व्होल्टांहून अधिक दाब असतो. लिथियमच्या बॅटरीस टोक लागले तर ती पेट घेते. जिज्ञासा आमची आणि धोका घरातील लेकरांचा, ही वाटणी अन्यायाची आहे. ज्या वस्तूला उघडण्याचे ज्ञान आपल्यापाशी नाही, तिला न उघडणे हाही अधिकाराचाच विवेकी उपयोग होय.

तिसरे कर्तव्य उरलेल्या भागांविषयीचे. जोडता आले नाही म्हणून उकिरड्यावर फेकलेल्या पट्टीतील शिसे मातीत जाते. तांब्यासाठी जाळलेल्या तारांचा धूर कोणाच्या तरी झोपडीत शिरतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ह्या कचऱ्याची जबाबदारी मुख्यतः उत्पादकांवर टाकली आहे. पण नियमांनी आपले हात धुऊन निघत नाहीत.

आणि चौथे कर्तव्य, जे आम्हां सरकारी नोकरांना विशेष लागू पडते: जे आपले नाही ते उघडू नये. कचेरीतील संगणक, छपाईचे यंत्र, भिंतीवरचे घड्याळ ह्यांचे मालक जनता आहे. निर्लेखन होऊन, लिलाव होऊन ती वस्तू रीतसर हाती येईपर्यंत कितीही जिज्ञासा दाटून आली तरी तिला आवर घालावा. देवनहळ्ळीच्या जुन्या बाजारात एक वृद्ध दुरुस्तीकार बसतात. त्यांच्याकडे पंखा नेला, मिक्सर नेला, तर दुरुस्तीनंतर काढलेला जळका भाग कागदाच्या पुडीत बांधून ते वस्तूबरोबर परत देतात. "हा काय करू?" असे विचारले असता त्यांनी मोडक्या हिंदीत उत्तर दिले, "काहीही करा स्वामी. पण तो तुमचा आहे." मालकीवरचे पुष्कळ ग्रंथ चाळून जे हाती लागणार नाही ते त्या पुडीत बांधलेले आहे, असे आम्हांस वाटते.

शेवटी एका धोक्याकडे लक्ष वेधणे अवश्य आहे, कारण तो ह्या छंदाच्या गुणातूनच उद्भवतो. प्रत्येक गोष्टीस कारण असते आणि झाकण काढले की ते दिसते, ही सवय लागलेला मनुष्य हळूहळू माणसांचीही झाकणे शोधू लागतो. सहकारी आज गोड बोलला, ह्यामागे काय असेल? बायको गप्प का? शेजाऱ्याने डबा पाठविला, त्याचा हेतू कोणता? असे सुटे करून पाहणारे गृहस्थ प्रत्येक कचेरीत भेटतात. त्यांना सर्वांचे सर्व हेतू ठाऊक असतात आणि त्यांच्याशी मोकळेपणी बोलणारे कोणी नसते. येथे यंत्राचा न्याय चालत नाही. यंत्र कोणीतरी जोडलेले असते, म्हणून ते सोडवून पुन्हा जोडता येते. मनुष्य वाढलेला असतो. रोप मुळाशी उकरून पाहिले तर मुळे दिसतील खरी, पण रोप तेवढे शहाणपण सोसणार नाही.

मग माणसांच्या बाबतीत, परक्या गावाच्या बाबतीत, आपण केवळ बाहेरून बटणे दाबीत राहावे काय? बारा-पंधरा वर्षे परप्रांतात काढूनही भाजीवाल्याशी बोटांच्या खुणांनी व्यवहार करणारे आपले बांधव पाहिले, की ते तसेच जगत आहेत असे दिसते: घर भाड्याचे, गाव भाड्याचे, आणि आतले काहीच ठाऊक नाही. हाही एक बंदपणाच, आणि तो कोणत्या कंपनीने लादलेला नव्हे. ह्यावर स्क्रू ड्रायव्हरचा इलाज नाही. चार वाक्ये कानडी शिकावी, चुकली तर हसून घ्यावे, आणि दाराशी थांबावे. माणसे दार आतून उघडतात. वस्तूंच्या बाबतीत आम्ही उघडण्याचा हक्क मागतो तो मागतच राहू. पण तो हक्क ज्या समंजसपणाने वापरावयाचा, तो समंजसपणा बहुधा आपण अशा दारांशी थांबूनच शिकतो.